संग्रहालयाच्या पाटीवरचा हात

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांशी माझा संबंध फक्त धंद्यापुरता. उमेदवारीच्या काळात टुरिंग टॉकीजच्या जाहिरातीच्या पडद्यांवर मी ढिगानं भुतं रंगवलीत. थोडा हिरवा, थोडा पांढरा, डोळ्यांखाली काळं फासलं की झालं भूत! ज्यानं स्वतःच्या हातानं भुतं बनवली त्याला भुताची भीती कसली... हलवायाला पेढ्याचं अप्रूप नसतं तसंच.

शिवाय आमच्या घरात असल्या गोष्टींना जागा नव्हती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देवांचे टाक, अंगाऱ्याच्या पुड्या, आजीच्या अंगात यायचं तेव्हाचा तो हिरवा खण, सगळं एका टोपल्यात भरून त्यांनी मांजरा नदीत सोडलं आणि घरी येऊन आजीला सांगितलं, "आजपासून कुणाच्या अंगात यायचं न्हाई." आजीच्या अंगात खरोखरच परत कधी आलं नाही. अशा घरात मी वाढलो. आज वडील असते तर हे वाचून पहिली थोबाडीत त्यांनीच मारली असती, आणि मी ती मुकाट खाल्ली असती. कारण सात-आठ वर्षं झाली तरी मला याचा उलगडा झालेला नाही.

सीमेच्या कन्नड बाजूला, भालकीत बसस्टँडच्या मागं माझं पेंटरचं दुकान. पाट्या, नंबरप्लेटा, जयंतीचे बॅनर, लग्नाच्या दारावरचे हत्ती... पडेल ते काम. तर हुलसूरच्या रस्त्याला, भालकीपासून सात-आठ किलोमीटरवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. गावाच्या तोंडाशी निजामाच्या काळातला जकातीचा नाका, म्हणजे करोडगिरीची चौकी. दोन दगडी खोल्या, पुढं पूर्वेला तोंड करून व्हरांडा. तिथं एका निवृत्त हेडमास्तरांनी संग्रहालय काढायचं ठरवलं. जुनी वजनं, तांब्याचे हंडे, दोन गंजक्या तलवारी, मोडी कागद, असं त्यांनी आयुष्यभर गोळा केलेलं. मास्तर देशमुखाच्या घराण्यातले, पण माणूस पुढारलेला. माझ्या चहाचा कप त्यांनी कधी वेगळा ठेवला नाही... निदान मी बघत असताना तरी नाही.

मला बोलावून घेऊन मास्तर म्हणाले, "नागनाथ, बँकेला चिन्ह असतंय, पार्टीला असतंय, साखर कारखान्याला असतंय. मग इतिहासाला कामून न्हाई?"

मी लगेच मान हलवली. पेंटरनं मान हलवली की काम पक्कं.

त्यांचं म्हणणं असं, की एकच चिन्ह सगळीकडं पाहिजे. दर्शनी पाटीवर, लेटरहेडवर, प्रत्येक वस्तूखालच्या चिठ्ठीवर, पावतीवर. कुठंही दिसलं तरी माणसाला कळावं की हे आपलं संग्रहालय. एखाद्या मोठ्या कंपनीसारखं. मला तर हर्षच झाला. आजवर माझं सर्वांत मोठं डिझाईन म्हणजे पिठाच्या गिरणीवरचा कणसाचा झुबका.

चिन्ह कशाचं? मास्तरांनी व्हरांड्यात भिंतीला टेकवलेली शिळा दाखवली. कमरेएवढा काळा दगड. खाली घोड्यावर लढणारा वीर, वर सूर्य-चंद्र, आणि मधोमध खांबातून निघालेला बाईचा हात. कोपरात वाकलेला, पंजा उघडा, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. सतीची शिळा. मास्तरांच्याच घराण्यातली, त्यांच्याच शेताच्या बांधावरून आणलेली. तळाशी जुन्या कन्नडमध्ये दोन ओळी होत्या. मास्तरांनी त्या अभिमानानं वाचून दाखवल्या. वीराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, घोड्याचं नाव.

"आणि बाईचं?" मी विचारलं.

"बाईचं कशाला? ती सती."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी पटलं. चिठ्ठीवर अक्षरं कमी आली म्हणून बरंच वाटलं.

आता आमच्या सीमेवरचं दुखणं सांगतो. चिन्ह गोल. कडेनं संग्रहालयाचं नाव. वर कन्नड आलंच पाहिजे, कायदा आहे. खाली मराठी नसलं तर गाव चिन्ह लावू देणार नाही. उर्दू नसलं तर जुनी मंडळी रुसणार, आणि बंगलोरहून साहेब आला तर त्याच्यासाठी इंग्रजी. चार लिप्यांनी वर्तुळ असं भरलं की मधल्या हाताला जेमतेम अंगठ्याएवढी जागा उरली. स्टेन्सिल मी कापायचो एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर, दवाखान्यातून मागून आणलेल्या. फिल्म चिवट असते, पण दोन बांगड्यांमधली पट्टी केसाएवढी झाली की तीही तुटते. शिळेवर बांगड्या अकरा. मी आधी पाच ठेवल्या, पट्ट्या तुटल्या. तीन ठेवल्या, तरी तुटल्या. शेवटी वैतागून सगळ्याच काढून टाकल्या. हात कसा साधा, सुटसुटीत दिसायला लागला! मास्तरांना दाखवला, त्यांनी उर्दूतला एक नुक्ता दुरुस्त केला आणि "छान" म्हणाले. एवढे शिकलेले गृहस्थ, एवढा कसबी मी, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय काढलं.

ते आलं माझ्या बायकोच्या, शांताच्या डोक्यात. पहिल्या दिवशी भाकरी द्यायच्या निमित्तानं ती बसनं आली. खरं म्हणजे संग्रहालय बघायला. मी व्हरांड्यात शिळेशेजारी बसून पहिल्या चिठ्ठीवर स्टेन्सिल ठेवत होतो. तिनं वाकून बघितलं.

"अवो, हात बोडका कामून काढलाव?"

"स्टेन्सिल तुटतंय गं."

"तिच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून तिला घातली की वो सरणावर. आन् तुमी त्याच काढून टाकलाव?"

"दगडाला काय कळतंय," असं म्हणून मी रंगाचा बोळा फिल्मवर दाबला. टच्चकन आवाज झाला. शांताच्या उजव्या हातातली एक बांगडी मधोमध फुटून खाली पडली. हात कशाला लागलेला नाही, भाकरीचं गाठोडं डाव्या हातात. मनगटावर रक्ताची बारीक रेघ.

"कच्ची असंल," मी म्हणालो.

तिनं मनगट पदरानं पुसलं. पण जेवताना शिळेकडं पाठ करून बसली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

पुढचे पंधरा दिवस मी रोज चौकीत जायचो आणि घरी शांताच्या बांगड्या फुटायच्या. पीठ मळताना नाही, धुणं धुताना नाही. नुसती बसलेली असताना, ताकाचं भांडं हातात असताना, एकदा तर शेजारणीशी बोलताना. फुटायच्या त्या बाहेर पडण्याआधी आत रुतायच्या. मनगटाला फडकं बांधायची वेळ आली. आणि चौकीतही मला बरं वाटत नव्हतं. नकोसा पाहुणा घरात असला की घरची बाई भांडी आपटते बघा. काही बोलत नाही, पण आपल्याला कळतं की उठायला हवं. तिथं भांडी नव्हती, बाई नव्हती, तरी दिवसभर तसंच वाटायचं. ब्रश ठेवावा तिथं सापडायचा नाही. शिळेच्या बाजूचा माझा कान गरम व्हायचा. मी आपलं ऊन म्हणायचो. ऊन पलीकडच्या बाजूला असायचं.

पण यापेक्षा मोठी आफत माणसांची. बायकोचं मनगट बांधलेलं, बांगड्या रोज फुटतात, म्हणजे नवरा काय करतो हे गावाला सांगावं लागत नाही. मैबूबबी चाची गल्लीत बांगड्या भरायला येते, तिनं भर रस्त्यात मला धरलं.

"क्या रे पेंटर, औरतकू मारता क्या?"

"न्हाई वो चाची!"

"दो हफ्ते में चौथी बार बुलाई मेरेकू. मेरा धंदा चलरा, मगर ऐसा धंदा नक्को मेरेकू. शरम कर!"

हॉटेलवाला चहा आणून समोर आपटायला लागला. एका मास्तरणीनं शाळेची पाटी दुसऱ्या पेंटरला दिली. आणि एके सकाळी उदगीरच्या बसमधून माझा मेहुणा प्रल्हाद उतरला. तालमीतला गडी, दंड माझ्या मांडीएवढे. शांतानं शपथा घेतल्या म्हणून मी वाचलो. तरी तो म्हणाला, "आक्का, मार खाल्लेल्या बायका असंच बोलत्यात."

मग त्यानंच तोड काढली. "दाजी, तुमी तुमच्या कामाला जावा. मी आक्काचा हात माझ्या मुठीत धरून बसतो. बरोबर बाराला तुमी एकदाच ते छापा. मग बगू."

मी गेलो. मास्तरांच्या घड्याळात बारा वाजले, मी एक चिठ्ठी छापली. आणि मग माझी अक्कल चालली. ठरल्या वेळेला काही झालं तर तो योगायोग म्हणता येईल. न ठरलेल्या वेळेला छापून बघू, म्हणजे हा सगळा खुळेपणा खोटा पडेल. वडिलांचा मुलगा ना मी! सव्वाबाराला मी आणखी एक चिठ्ठी छापली. शांताला त्यानं काय होईल याचा विचार केला नाही. मला बरोबर ठरायचं होतं.

दोनच्या बसनं प्रल्हाद आला. पंज्याला रुमाल गुंडाळलेला, रुमाल लाल. व्हरांड्याच्या पायरीवर बसला. रुमाल सोडून पंजा माझ्यापुढं धरला.

"बाराला एक फुटली," म्हणाला. "माझ्या मुठीत. सव्वाबाराला दुसरी. दाजी... सव्वाबाराचं तर ठरलं नव्हतं."

त्यानंतर मला कुणी मारकुटा म्हणालं नाही. तेवढाच फायदा.

चूक कुठं झाली ते आता सरळ दिसत होतं, असं आम्हा तिघा पुरुषांना वाटलं. बोडका हात काढला म्हणून कोप, तर बांगड्या भरा, विषय संपला! मास्तर आधी हसले, मग म्हणाले, "तसं मूळ शिळेला धरूनच होईल." स्टेन्सिल बाजूला ठेवून मी दर्शनी पाटीवर हात मोकळ्या ब्रशनं काढला. मोठी पत्र्याची पाटी, जागाच जागा. अकराच्या अकरा बांगड्या, हिरव्यागार, प्रत्येकीवर उजेडाची पांढरी रेघ. छापलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर, प्रत्येक लेटरहेडवर बारीक निबानं बांगड्या भरल्या. तीन दिवस शांताची एक बांगडी फुटली नाही. मी जिलेबी आणली. मैबूबबीनं नवा चुडा भरला आणि माझ्याकडं बघून थुंकली नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी पाटी चौकीच्या दारावर चढवली. झेंडूचं तोरण लागलं. मास्तर खाली उभे राहून मान वाकडी करून बघत होते, डोळ्यांत पाणी. एवढ्यात प्रल्हाद कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. गाडी बंदसुद्धा केली नाही.

"दाजी, बसा मागं."

घरच्या अंगणात शांता पाटावर बसली होती. उजवा हात कोपरात वाकून वर गेलेला, पंजा उघडा, आणि तो खाली येत नव्हता. बांगड्या मनगटापासून वर चढून मांसात रुतलेल्या, एकापुढं एक, मधलं मांस फुगलेलं. बोटं जांभळी. मैबूबबी तेल लावून, साबण लावून घामाघूम झाली होती.

"चालीस साल से चुडी भररी मैं," ती म्हणाली, "ऐसा कब्बी नै देखी." तिनं पकडीत धरून एक बांगडी दाबली. काचेची बांगडी. पंधरा दिवस नुसत्या बसल्या बसल्या फुटत होत्या त्याच... आता लोखंडाच्या पकडीत फुटेना. मी हात लावला आणि मागं घेतला. तव्यासारखा तापलेला.

"भाजायलंय," शांता दात आवळून म्हणाली.

"आता कामून? आता तर बांगड्या हायत की गं तिला!"

"अवो, बांगड्या नसल्या तरी राग, असल्या तरी राग. तुमाला कळंना व्हय अजून? तिला तिथं लावून घ्यायचंच न्हाई!"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? माझा हात बगा. हा आशीर्वाद दिसायलाय का तुमाला? ढकलायलीय ती. तवा सरणावर बी अशीच ढकलत असंल. काढा तिला खाली... माझा हात जाईल वो."

मी परत गाडीवर बसलो. वाटेत वडील आठवले नाहीत, दीक्षा आठवली नाही, काही नाही. फक्त ती बोटं.

मास्तर शिडीसमोर आडवे उभे राहिले. "उद्या साहेब येणारायत नागनाथ. आमच्या घराण्याचा मान हाय त्या पाटीवर. आणि तू? तुझ्या बापानं टोपलंभर देव नदीत सोडले, आणि तू दगडाला भ्यायलास?"

"व्हय मास्तर, भ्यालोय. उद्या साऱ्या गावाला सांगा. आता सरका."

"हात लावू देणार न्हाई!" असं म्हणून ते माझ्याआधी दोन पायऱ्या चढले आणि त्यांनी पाटीवर पंजा ठेवला. सावलीतला पत्रा, त्याला टेकलेले तोरणाचे झेंडूसुद्धा गार. मास्तरांनी ओरडून हात मागं ओढला. तळवा लालबुंद. ते खाली उतरले, आत गेले... मला वाटलं काठी आणतायत. त्यांनी रॉकेलचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

प्रल्हादनं शिडी धरली. मी पट्टीनं खरवडलं. एनॅमल रंग चांगला वाळला होता, तरी ओल्या सालीसारखा निघत गेला. बांगड्या निघाल्या, मनगट निघालं, शेवटी बोटं. उरलं ते चार लिप्यांच्या मधलं रिकामं वर्तुळ. मास्तरांनी चिठ्ठ्या, लेटरहेडं सगळं अंगणात आणून टाकलं आणि खिशातून काडेपेटी काढली.

"मास्तर, जाळायचं न्हाई," मी म्हणालो.

असं का म्हणालो ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मग शिळेकडं बघितलं. काडेपेटी परत खिशात घातली. आम्ही तो सगळा कागद जनावरांच्या दोणीत भिजवून त्याचा लगदा केला. माझी ती एक्स-रेची फिल्म कात्रीनं बारीक केली.

घरी पोचलो तेव्हा शांता मैबूबबीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. हात खाली आलेला, पंज्याचा रंग परतलेला. बांगड्या आपोआप घरंगळल्या म्हणे, एकसुद्धा न फुटता. वेळ विचारायची माझी हिंमत झाली नाही. प्रल्हादनं विचारली, आणि मला सांगू नको असं मी त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, वर बघून म्हणाले, "हे वर्तुळ कशाचं?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "काळाचं." टाळ्या पडल्या. आठवडाभरात मास्तरांनी माणसं लावून शिळा परत बांधावर नेऊन उभी केली. मला त्यांनी पुन्हा काम दिलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही. परवाच्या वर्षी ते गेले.

डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल, बांगड्या घट्ट होत्या. असेल. पण प्रल्हादच्या मुठीतली बांगडी? सव्वाबारा? मास्तरांचा तळवा? याला माझ्याकडं काही उत्तर नाही. वडिलांकडं असतं, ते म्हणाले असते की तू खोटं बोलतोस. तसं असतं तर फार बरं झालं असतं. मी अजूनही देव मानत नाही, भूत मानत नाही. पण कुणाला न विचारता कुणाचा हात पाटीवर काढत नाही.

शांतानं हे सगळं वाचलंय. तिनं एवढंच अडवलं की तिचं खरं नाव लिहायचं नाही, म्हणून शांता हे नाव मी ठेवलेलं. दरम्यान संपादकांचं पत्र आलं. लेख घेतोय, सोबत त्या उगारलेल्या हाताचं एखादं चित्र काढून पाठवा, पानाला शोभा येईल. मी पत्र तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"छापा म्हणावं की," ती म्हणाली. "फकस्त त्यांच्या घरी कोण कोण बांगड्या घालतंय, तेवढं आधी इचारून घ्या."